हक्काचे मागणे

पॅरिस नगरीच्या मध्यातून सीन नदी वाहते. नदीच्या पात्रात एक बेट आहे आणि त्या बेटावर फ्रान्सच्या राजांचा जुना प्रासाद होता. राजे पुढे अन्यत्र राहावयास गेले, तरी राज्याचे मुख्य न्यायालय आणि राज्याचा जमाखर्च तपासणारी मोठी कचेरी ही दोन्ही त्याच प्रासादात भरत. इ. स. १३९० नंतर कित्येक हिवाळ्यांत त्या प्रासादाच्या गार दालनांत एक तरुण विधवा तिष्ठत उभी असलेली दिसे. थंडीने तिचे अंग आखडून जाई. कोणी वकील किंवा अंमलदार येताना दिसला की ती पुढे होई, आपले म्हणणे नम्रपणे सांगे आणि बहुधा काही उत्तर न मिळताच माघारी फिरे. ती भिक्षा मागावयास आलेली नव्हती. तिच्या पतीने राजाची इमानाने चाकरी केली होती. त्या चाकरीचे थकलेले वेतन ती मागत होती.

या स्त्रीचे नाव क्रिस्तीन द पिझां. पुढे ती फ्रेंच भाषेतील थोर लेखिका म्हणून विख्यात झाली. लेखणीच्या बळावर आपल्या कुटुंबाचा चरितार्थ चालविणाऱ्या युरोपातील पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. परंतु तिच्या हाती लेखणी कशी आली आणि त्यापूर्वी तिला काय काय सोसावे लागले, ते समजावून घेतल्याखेरीज तिची थोरवी नीट ध्यानात येणार नाही.

क्रिस्तीनचा जन्म इ. स. १३६४ च्या सुमारास इटलीतील व्हेनिस या शहरी झाला. तिचे वडील तोमासो हे मूळचे बोलोन्या शहराजवळील पित्झानो या गावचे. गावाच्या नावावरूनच त्या घराण्यास पिझां हे आडनाव मिळाले. तोमासो वैद्यक आणि फलज्योतिष या दोन्ही शास्त्रांत निपुण होते. त्या काळी राजेलोक ज्योतिषाचा सल्ला घेतल्यावाचून मोठे कार्य आरंभीत नसत. त्यामुळे अशा विद्वानांस दरबारी फार मान असे. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स आणि हंगेरीचा राजा या दोघांनीही तोमासो यांस एकाच वेळी बोलावणे पाठविले. पॅरिसचे विद्यापीठ साऱ्या युरोपात नावाजलेले होते आणि राजा चार्ल्स विद्येचा चाहता म्हणून प्रसिद्ध होता. तोमासो यांनी पॅरिसची वाट धरली.

थोडे दिवस राहून परत जावे, असा त्यांचा विचार होता. परंतु राजाचा त्यांच्यावर इतका लोभ जडला, की त्याने त्यांस आपल्यापाशीच ठेवून घेतले आणि त्यांच्या कुटुंबासही बोलावून आणविले. इ. स. १३६८ च्या डिसेंबर महिन्यात लूव्र या राजवाड्यात राजाने त्या सर्वांचे स्वागत केले. क्रिस्तीन त्या वेळी अवघी चार वर्षांची होती.

लूव्रच्या एका बुरुजात राजाने मोठे ग्रंथालय उभारले होते. छापण्याची कला युरोपात अद्याप यावयाची होती. प्रत्येक ग्रंथ हाताने लिहावा लागे आणि एकेका ग्रंथास मोठे मोल पडे. अशा काळी राजाच्या संग्रही सुमारे नऊशे ग्रंथ होते. ग्रंथांचा मान राखणाऱ्या या दरबाराच्या छायेत क्रिस्तीन वाढली. तिच्या आईला वाटे, मुलीने चरखा आणि सुईदोरा हाती धरावा. मुलीच्या जातीस अधिक विद्या काय करावयाची? वडिलांचे मत निराळे होते. शिक्षणाने मुली बिघडतात, असे त्यांस मुळीच वाटत नसे. मुलीची बुद्धी पाहून त्यांस आनंद होई. त्यांनी तिला जे शिकविले, ते विद्येच्या मेजावरून खाली पडलेले कण होते, असे क्रिस्तीन पुढे मोठ्या हळहळीने सांगत असे. परंतु त्या कणांनीच तिची भूक जागी ठेवली.

पंधराव्या वर्षी तिचा विवाह झाला. अनेक स्थळे चालून आली असता वडिलांनी धनापेक्षा विद्येकडे पाहिले आणि पिकार्डी प्रांतातील एत्येन द्यु कास्तेल या सुशिक्षित तरुणाची निवड केली. एत्येन लवकरच राजाच्या चिटणीसवर्गात दाखल झाला. राजाची पत्रे आणि फर्माने तयार करणे हे त्याचे काम. पतिपत्नींचे एकमेकांवर अपार प्रेम होते. त्यांना तीन मुले झाली.

परंतु भाग्याचे चक्र फिरण्यास वेळ लागत नाही. इ. स. १३८० च्या सप्टेंबर महिन्यात राजा पाचवा चार्ल्स मरण पावला. त्याचा पुत्र सहावा चार्ल्स त्या वेळी बारा वर्षांचाही नव्हता. सारा कारभार त्याच्या चुलत्यांच्या हाती गेला. नव्या कारभाऱ्यांना जुन्या राजाच्या सेवकांचे अगत्य उरले नाही. तोमासो यांचे वेतन कमी झाले, आणि जे ठरले तेही वेळेवर मिळेनासे झाले. हाती पैसा खेळत होता तेव्हा त्यांनी उदारपणे खर्च केला होता आणि गरजूंना सढळ हाताने दिले होते. संचय असा त्यांनी फारसा केला नव्हता. म्हातारपण, आजार आणि ओढगस्त यांत इ. स. १३८७ च्या सुमारास त्यांचे देहावसान झाले.

हे दुःख विसरले जाते न जाते, तोच दुसरा घाला पडला. इ. स. १३९० च्या शरद ऋतूत एत्येन राजाच्या स्वारीबरोबर बोव्हे या गावी गेला होता. तेथे साथीच्या रोगाने त्याला गाठले आणि घरापासून दूर, चाकरमाणसांच्या सोबतीत, त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय चौतीस होते. क्रिस्तीन पंचवीस वर्षांची होती. पदरी तीन मुले, शिवाय म्हातारी आई आणि एक अनाथासारखी पोरकी भाची. तिचे दोघे भाऊ वडिलांच्या मिळकतीवर राहण्यासाठी इटलीस निघून गेले. एवढ्या माणसांच्या पोटाची चिंता एकट्या क्रिस्तीनच्या शिरावर येऊन पडली.

आता कोणी विचारील की, एत्येन राजाचा चिटणीस होता, तर त्याच्या मागे काहीच का राहिले नाही? राहिले होते, पण ते हाती येत नव्हते. राजाकडून त्याचे पुष्कळ वेतन यावयाचे होते. ते वेतन आता त्याच्या वारसांचे झाले होते. इतरही काही येणे होते. परंतु कोणाकडून किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे क्रिस्तीनला ठाऊकच नव्हते. त्या काळी घरातील पुरुष आपले व्यवहार पत्नीला सांगत नसत. एत्येन तिच्यावर जिवापाड प्रेम करी. तरीही हिशेबाच्या वह्या तिच्यापुढे कधी उघडल्या गेल्या नव्हत्या. त्यातून त्याला मरण आले ते परगावी आणि अकस्मात. निरवानिरव करण्यास सवडच मिळाली नाही. या अज्ञानामुळे आपला केवढा घात झाला, हे क्रिस्तीनने पुढे स्पष्टपणे लिहून ठेविले आहे.

राजाकडील येणे वसूल करणे ही गोष्ट सोपी नव्हती. जमाखर्चाच्या कचेरीत मागणी मांडावयाची, तेथील अंमलदारांनी ती तपासावयाची, ती खरी ठरली तर खजिन्यावर हुकूम निघावयाचा, आणि खजिन्यात पैसा असेल तर तो मिळावयाचा. जिवंत सेवक रोज कचेरीत जातो आणि आपल्या वेतनासाठी तगादा लावतो. मेलेल्या सेवकाचा तगादा कोण लावणार? त्यातच इ. स. १३९२ मध्ये तरुण राजा सहावा चार्ल्स याला वेडाचा पहिला झटका आला. तो मधूनमधून शुद्धीवर येई आणि पुन्हा भ्रमिष्ट होई. राजाच्या नावाने सत्ता चालविण्यासाठी त्याच्या आप्तांमध्ये चुरस लागली. राज्यातील मोठमोठी कामेही जेथे खोळंबत होती, तेथे एका विधवेच्या अर्जाकडे कोणाचे लक्ष जाणार?

क्रिस्तीनवर संकटे चोहोकडून आली. ज्यांच्याकडून तिला पैसे यावयाचे होते ते दाद देईनात. ज्यांना द्यावयाचे होते ते मात्र दारात उभे राहिले. काही खोटी देणीही पुढे आली. एक वेळ अशी होती, की पॅरिसच्या चार न्यायालयांत तिच्यावर एकाच वेळी दावे चालू होते. मुलांच्या नावाचे पैसे वाढावेत म्हणून तिने ते एका व्यापाऱ्याकडे ठेविले होते. त्याने चोरी झाल्याची सबब सांगितली आणि ते पैसे बुडाले. एकदा तर न्यायालयाचे शिपाई तिच्या घरी जप्ती घेऊन आले आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या वस्तू उचलून घेऊन गेले.

वस्तू गेल्याच्या दुःखापेक्षा लोकांत आपली अवस्था उघडी पडेल, हे भय तिला अधिक जाळी. फरचे अस्तर लावलेला तिचा झगा जुना झाला होता. तो ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करी आणि बाहेर जाताना व्यवस्थित नेसून जाई. घरी परतल्यावर थंडीत कुडकुडत तिने कित्येक रात्री काढल्या. कोणाकडे उसने पैसे मागावयाचे म्हणजे, मग तो कितीही जवळचा मित्र असो, तिचा चेहरा लाजेने लाल होई. कचेरीच्या दालनांत काही रिकामटेकडी माणसे तिच्याकडे पाहून कुजबुजत आणि हसत. ती सारे ऐके आणि न ऐकल्यासारखे करी. चिंतेने तिला दीर्घ आजार जडला. परंतु बरे वाटताच ती पुन्हा त्याच दालनांत जाऊन उभी राही. आपले मागणे खरे आहे, अशी तिची खात्री होती. बारा वर्षांहून अधिक काळ तिने हा झगडा चालविला आणि अखेरीस आपल्या हक्काचा काही भाग पदरात पाडून घेतला.

या झगड्याने तिला एक गोष्ट शिकविली. दुसऱ्याच्या भरवशावर बसून चालणार नाही. आपल्याजवळ जे काही आहे, त्याचाच आधार केला पाहिजे. तिच्याजवळ काय होते? वडिलांनी दिलेले विद्येचे थोडे कण होते. दिवसभर कचेऱ्यांत झिजल्यावर रात्री ती ग्रंथ उघडून बसे. इतिहास, काव्य, तत्त्वज्ञान, जे हाती येईल ते तिने आस्थेने वाचले. बाळपणी राहून गेलेले शिक्षण तिने तिसाव्या वर्षाच्या आसपास पुरे केले.

आरंभी तिने लहान लहान गीते लिहिली. पतीच्या वियोगाचे दुःख त्यांत ओतलेले होते. ती दरबारी मंडळींस आवडली. हळूहळू सरदार आणि राजस्त्रिया तिच्याकडे गीते मागू लागल्या आणि त्याबद्दल तिला देणग्या मिळू लागल्या. पुढे ती मोठे ग्रंथ लिहू लागली. इ. स. १३९९ ते १४०५ या सहा वर्षांत तिने पंधरा मोठे ग्रंथ सिद्ध केले. ग्रंथ लिहून तिचे काम संपत नसे. लेखनिक आणि चित्रकार यांच्याकडून ती त्यांच्या सुबक प्रती तयार करवून घेई, मजकुरावरून स्वतः नजर फिरवी आणि मग ती प्रत एखाद्या राजपुरुषास अर्पण करी. तिची कीर्ती फ्रान्सबाहेरही पसरली.

या कीर्तीमुळेच तिच्यावर एक अवघड प्रसंग ओढवला. इंग्लंडमधील सॉल्सबरीचा अर्ल हा तिच्या काव्याचा चाहता होता. त्याने तिच्या मुलाला, जाँला, आपल्या मुलाबरोबर वाढविण्यासाठी इंग्लंडला नेले होते. इ. स. १३९९ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड पदच्युत झाला आणि चौथा हेन्री गादीवर आला. पुढील वर्षी रिचर्डचा पक्ष घेणारा तो अर्ल मारला गेला. नव्या राजाने मुलाला आपल्यापाशी ठेवून घेतले आणि क्रिस्तीनलाही आपल्या दरबारी येण्याचे बोलावणे पाठविले. जाण्याची तिची मुळीच इच्छा नव्हती. परंतु मुलगा राजाच्या हाती होता. तिने उघड नकार दिला नाही. तिने राजाला आपले ग्रंथ भेट म्हणून धाडले, येण्याची तयारी दाखविली आणि मला घेऊन येण्यासाठी मुलाला पाठवावे, अशी विनंती केली. मुलगा सुखरूप घरी परतला, आणि मग क्रिस्तीन इंग्लंडला गेली नाही. कचेऱ्यांत काढलेल्या वर्षांनी तिला धीर आणि चातुर्य ही दोन्ही शिकविली होती.

इ. स. १४०४ च्या आरंभी तिने आपला एक ग्रंथ बर्गंडीचा ड्यूक फिलिप याला नववर्षाची भेट म्हणून दिला. हा फिलिप म्हणजे पाचव्या चार्ल्सचा सख्खा भाऊ. ग्रंथ पाहून तो प्रसन्न झाला. त्याने क्रिस्तीनला लूव्र राजवाड्यात बोलावले आणि आपल्या दिवंगत बंधूचे चरित्र लिहिण्याचे काम तिच्यावर सोपविले. ज्या लूव्रमध्ये चार वर्षांची क्रिस्तीन राजासमोर उभी राहिली होती, तेथेच आता तिला त्या राजाचे चरित्र लिहिण्यास सांगण्यात आले! तिने राजाच्या जुन्या सेवकांना गाठून माहिती मिळविली, दप्तरे पाहिली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ग्रंथ पुरा केला. राजाच्या पदरी असलेल्या आपल्या वडिलांचा उल्लेखही तिने त्यात आदराने केला. वडिलांच्या सेवेचे मोल कारभाऱ्यांनी ओळखले नव्हते. मुलीने ते ग्रंथात नोंदवून ठेविले.

काम चालू असतानाच, एप्रिल महिन्यात, फिलिप मरण पावला होता. क्रिस्तीनने ग्रंथ त्याच्या पुत्राकडे दिला. इ. स. १४०६ मध्ये त्याच्या खजिन्यातून तिला शंभर सुवर्णनाणी मिळाली. तिच्या ग्रंथांबद्दल आणि तिच्या गरीब भाचीच्या विवाहाला साहाय्य म्हणून ही रक्कम दिल्याची नोंद तेथील हिशेबात झाली. ज्या पोरक्या मुलीचा भार तिने दारिद्र्यातही टाकला नाही, तिचे लग्न तिच्या लेखणीने लावून दिले.

स्वतः सुस्थितीत आल्यावर क्रिस्तीन इतर स्त्रियांना विसरली नाही. त्या काळी स्त्रियांची निंदा करणारी पुस्तके पुष्कळ होती. इ. स. १४०५ मध्ये तिने एक ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिले. थोर, शूर आणि विद्वान स्त्रियांच्या कथांच्या विटा रचून तिने त्यात एक काल्पनिक नगर उभारले. मुलींना मुलांप्रमाणे शाळेत घातले तर त्याही सर्व शास्त्रे तितक्याच चांगल्या प्रकारे शिकतील, असे तिने त्यात ठामपणे सांगितले. त्यानंतर लगेच तिने स्त्रियांच्या आचारासंबंधी दुसरा ग्रंथ लिहिला. राणीपासून मजुराच्या बायकोपर्यंत सर्वांना त्यात उपदेश आहे. घरच्या स्त्रीने शेतीवाडी, उत्पन्न आणि खर्च यांची माहिती ठेवावी, असे ती सांगते. विधवांसाठी तिने वेगळे प्रकरण लिहिले. होता होईल तो कोर्टकचेरीच्या वाटेला जाऊ नये. जावेच लागले तर जाणत्यांचा सल्ला घ्यावा, कामात हयगय करू नये आणि पैशाची तरतूद आधी करून ठेवावी, असे तिने त्यांना बजावले. हा उपदेश तिने ग्रंथांतून उचललेला नव्हता. त्याची किंमत तिने स्वतः मोजली होती.

तिचे उत्तर आयुष्य स्वस्थतेत गेले नाही. फ्रान्समध्ये यादवी माजली आणि वरून इंग्रजांची स्वारी आली. इ. स. १४१८ मध्ये पॅरिसमध्ये भयंकर कत्तल झाली. क्रिस्तीनने शहर सोडले आणि एका मठात आश्रय घेतला. तेथे अकरा वर्षे तिने देशाच्या दुर्दशेचा शोक करीत काढली. इ. स. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क या खेडवळ कुमारिकेने फ्रेंच सैन्याला विजय मिळवून दिल्याची वार्ता मठात पोहोचली. वृद्ध क्रिस्तीनने पुन्हा लेखणी उचलली आणि जुलैच्या अखेरच्या दिवशी जोनच्या गौरवाचे काव्य पुरे केले. जोनच्या हयातीतच तिचे यश गाणारे हे काव्य क्रिस्तीनचे अखेरचे ठरले. पुढील वर्षाच्या सुमारास तिचा अंत झाला.

तिच्या मृत्यूनंतर छापखाने निघाले आणि तिचे ग्रंथ दूरवर गेले. युद्धकलेवरील तिचा एक ग्रंथ इंग्लंडच्या सातव्या हेन्री राजाच्या इच्छेवरून कॅक्स्टन या प्रसिद्ध मुद्रकाने इंग्रजीत आणला आणि इ. स. १४८९ मध्ये छापला.

क्रिस्तीनच्या पतीची किती रक्कम राजाकडे थकली होती, हे आज कोणी विचारीत नाही. ज्या अंमलदारांनी तिला दालनात ताटकळत ठेविले, त्यांची नावेही लोकांच्या स्मरणात नाहीत. परंतु आपले न्याय्य मागणे न लाजता मांडणारी, नकार मिळाला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहणारी आणि रात्री दिव्यापाशी बसून शिकणारी ती विधवा आजही आपल्या ग्रंथांतून बोलत आहे.